कोणाची मुलगी, हे न विचारणारी परीक्षा

"ताई, हे जज्जसाहेब नेमतं कोण हो? मंत्री नेमतात का?"

डोंबिवलीत आम्ही काही जणी मिळून बायकांसाठी एक सल्ला केंद्र चालवतो. तिथे हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी येतोच. विचारणारी बहुधा पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणार असते. मारहाणीचा अर्ज करायचा असतो, नाहीतर पोटगीचा. कायद्याची कलमं तिला पाठ करायची नसतात. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस सासरच्यांच्या, नगरसेवकाच्या किंवा बिल्डरच्या ओळखीचा तर नसेल ना, एवढीच तिची धास्ती असते.

आपण सुशिक्षित बायकाही या प्रश्नाला पटकन उत्तर देऊ शकत नाही, बरं का! नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्रपती सरन्यायाधीश नेमतात इथवर वाचलेलं असतं. पण आपला संबंध सरन्यायाधीशांशी येतो कुठे? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याखालचा अर्ज ऐकतात ते प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, तात्पुरता खर्च, सगळं त्यांच्या सहीने मिळतं. डोंबिवलीकरणीला त्यासाठी कल्याणच्या कोर्टात जावं लागतं, ठाणेकरणीला कोर्ट नाक्यावर. फोर्टातल्या हायकोर्टापर्यंत आपल्यातली क्वचितच कोणी पोचते. म्हणजे आपल्यासाठी न्यायव्यवस्था म्हणजे पहिल्या पायरीवरची ती खुर्ची. तिथे कोण बसतं आणि कसं बसतं, हे आपल्याला ठाऊक असायलाच हवं.

तर उत्तर असं, की मंत्री नेमत नाहीत. राज्यघटनेच्या 234 व्या कलमात सांगितलंय, की जिल्हा न्यायाधीशाच्या खालच्या न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल करतील, पण ती ठरलेल्या नियमांनुसार आणि लोकसेवा आयोग व हायकोर्ट या दोघांच्या सल्ल्याने. आपल्याकडे हे निवडीचं काम महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो. हो, तोच एमपीएससी, ज्याच्या परीक्षांसाठी ठाण्या-डोंबिवलीतल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. तहसीलदार, उपजिल्हाधिकारी होण्यासाठी जशी परीक्षा, तशीच न्यायाधीश होण्यासाठीही एक परीक्षा असते. 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग' हे तिचं लांबलचक नाव. मुलं-मुली सरळ 'जेएमएफसी' म्हणतात.

आता कोणी म्हणेल, आयोगावरची माणसं तरी सरकारच नेमतं ना? नेमतं. सदस्यांची नेमणूक राज्यपालांच्या सहीने होते. पण घटना लिहिणाऱ्यांनी पुढचा विचार करून ठेवलाय. एकदा नेमलेल्या सदस्याला सहा वर्षं किंवा वयाच्या 62 व्या वर्षापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, सहजासहजी हलवता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर राष्ट्रपतींनी प्रकरण सुप्रीम कोर्टाकडे पाठवायचं, तिथे चौकशी व्हायची आणि मगच त्याला काढता येतं. मुख्यमंत्र्यांच्या मनात आलं म्हणून नाही. आयोगाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून थेट होतो, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. म्हणजे 'आमचं ऐकलं नाहीत तर पैसे बंद' ही धमकी चालत नाही. शिवाय पदावरून उतरल्यावर अध्यक्षांना सरकारी नोकरी धरता येत नाही. फार तर केंद्रीय आयोगावर किंवा दुसऱ्या राज्याच्या आयोगाच्या अध्यक्षपदी जाता येतं. उद्याच्या खुर्चीच्या आशेने कोणी आज मान तुकवू नये, एवढ्यासाठी ही सोय. घरात किल्ल्या एकीकडे आणि हिशेबाची वही दुसरीकडे ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना ही व्यवस्था चटकन कळली असती!

परीक्षा तीन टप्प्यांत होते. आधी शंभर गुणांची पूर्वपरीक्षा. ती फक्त चाळणी, तिचे गुण पुढे धरत नाहीत. मग शंभर-शंभर गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका, एक दिवाणी कायद्यांची आणि एक फौजदारी. त्यानंतर पन्नास गुणांची मुलाखत. म्हणजे अडीचशेपैकी दोनशे गुण कागदावरचे. आणि त्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आडनाव नसतं, गावही नसतं. असतो तो नुसता क्रमांक. तपासणाऱ्याला कळतच नाही, की हा पेपर कोणा ज्येष्ठ वकिलाच्या चिरंजीवांचा आहे की कोपर गावातल्या रिक्षावाल्याच्या लेकीचा.

राहिली मुलाखत. वशिल्याची शंका येते ती इथेच. तीही सुप्रीम कोर्टाने 1985 मध्येच हाताळली. हरियाणाच्या लोकसेवा आयोगाच्या मुलाखतींचं प्रकरण होतं. सदस्यांचे नातेवाईकच उमेदवार म्हणून समोर आले होते. तेव्हा कोर्टाने सांगितलं, की जवळचा नातेवाईक मुलाखतीला असेल तर त्या सदस्याने उठून बाहेर जायचं, त्या उमेदवाराच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही आणि त्याचे गुणही त्याला सांगायचे नाहीत. आणखी एक गोष्ट त्याच निकालात आली. न्यायाधीशांच्या निवडीच्या मुलाखतीला हायकोर्टाचे एक कार्यरत न्यायमूर्ती तज्ज्ञ म्हणून बसावेत, त्यांना मुख्य न्यायमूर्तींनी पाठवावं आणि सबळ कारण असल्याशिवाय त्यांचं मत डावलू नये.

निवड झाल्यावर प्रशिक्षण. त्यासाठीची महाराष्ट्र न्यायिक अकादमी आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे, भाईंदरजवळ उत्तनला. समुद्राकाठी आपण सहलीला जातो त्याच वाटेवर उद्याचे न्यायाधीश निकालपत्र लिहायला शिकत असतात, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक असतं? आणि एकदा न्यायाधीश खुर्चीत बसला की त्याची बदली, बढती, शिस्त हे सगळं 235 व्या कलमाने हायकोर्टाच्या हातात जातं. मंत्रालयातून फोन करून मॅजिस्ट्रेटची बदली करता येत नाही.

आता या सगळ्याचा बायकांशी संबंध काय, ते बघू.

तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी 2021 मध्ये सांगितलं होतं, की देशातल्या वकिलांमध्ये बायकांचं प्रमाण जेमतेम 15 टक्के आहे. आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यायव्यवस्थेच्या स्थितीचा अहवाल काढला, त्यात जिल्हा पातळीवरच्या न्यायाधीशांमध्ये बायका किती? 36.3 टक्के! वकील शंभरात पंधरा आणि न्यायाधीश शंभरात छत्तीस. हा चमत्कार झाला कसा? सरळ आहे. वकिलीत अशील मिळावा लागतो. तो ओळखीने येतो, घराण्याने येतो, रात्री नऊ वाजता चेंबरमध्ये बसल्याने येतो. परीक्षेत फक्त अभ्यास लागतो. अभ्यास आपल्या मुली करतात. दाराला कुलूप नव्हतं तिथे त्या आत शिरल्या.

त्याच अहवालात पुढचे आकडेही होते. हायकोर्टात बायका 13.4 टक्के, सुप्रीम कोर्टात 9.3 टक्के. जसजशी पायरी वर, तसतशा बायका कमी. याला एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. वरच्या कोर्टात येतात ते पन्नाशीच्या आसपासचे लोक आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वकिलीत मुली होत्याच किती! पण निवडीची पद्धतही वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही. हायकोर्टाचा न्यायमूर्ती होण्यासाठी जाहिरात निघत नाही, अर्ज करता येत नाही, परीक्षा नसते. हायकोर्टातले सर्वांत ज्येष्ठ तीन न्यायमूर्ती नावं सुचवतात, सरकारकडून माहिती मागवली जाते, सुप्रीम कोर्टाचं न्यायवृंद म्हणजे कॉलेजियम शिक्कामोर्तब करतं. 1993 आणि 1998 च्या निकालांतून ही पद्धत पक्की झाली. सरकारने तिच्याऐवजी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, पण त्यात कायदामंत्री बसणार होते. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याला धक्का म्हणून सुप्रीम कोर्टाने 16 ऑक्टोबर 2015 रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी तो रद्द केला. त्या एका मताचे न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचा आक्षेप होता तो याच बंद दाराआडच्या कारभाराला.

मुंबई हायकोर्टात पहिली महिला न्यायमूर्ती आली 1978 मध्ये, सुजाता मनोहर. त्यांचे वडील गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. बाईंची योग्यता वादातीत होती. पुढे त्या मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, सुप्रीम कोर्टात गेल्या आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 1997 चा तो विशाखा निकाल देणाऱ्या तिघांमध्येही त्या होत्या. त्या पीठावर एक बाई होती, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही. पण प्रश्न असा पडतो, की तेवढ्याच हुशार, पण वडील गिरणीत किंवा रेल्वेत असलेल्या किती मुली त्या काळात हायकोर्टाच्या दारापर्यंत पोचल्या असतील?

इंग्लंडमध्येही पूर्वी न्यायाधीश असेच आतल्या गोटातून निवडले जात. तिथे 2005 च्या कायद्याने स्वतंत्र निवड आयोग आला आणि 2006 पासून कामाला लागला. पंधरा सदस्य, आणि अध्यक्ष वकील किंवा न्यायाधीश नसलेली व्यक्ती! वरच्या कोर्टाच्या जागांसाठीही जाहिरात निघते आणि कोणीही पात्र माणूस अर्ज करू शकतो. दक्षिण आफ्रिकेत तर न्यायाधीशपदाच्या उमेदवारांच्या मुलाखती लोकांसमोर होतात. आपल्याकडे तसंच्या तसं आणावं, असं नाही. पण पहिल्या पायरीवर आपण जो उघडेपणा सत्तर-पंचाहत्तर वर्षं सांभाळला, तो वर चढताना का हरवतो, हे विचारायला हरकत नाही. थोडी खिडकी उघडली आहे. 5 मे 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांसाठी शिफारस झालेल्यांची यादी जाहीर केली. त्यात बायका किती, मागासवर्गीय किती, आणि कोण कोणत्या आजी-माजी न्यायमूर्तींच्या नात्यातलं आहे, हेही लिहिलं. 'कोणाची मुलगी' हा प्रश्न निदान कागदावर तरी आला!

आणि नेमक्या त्याच महिन्यात खालच्या दाराबद्दलही एक मोठा निर्णय झाला.

20 मे 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचे, यांच्या पीठाने निकाल दिला, की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. ही अट नवी नाही. 1993 मध्ये होती. 2002 मध्ये शेट्टी आयोगाच्या शिफारशीनुसार काढली, कारण हुशार मुलं थांबायला तयार नव्हती. आपल्या महाराष्ट्रात पहिल्या फटक्यात सगळ्या परीक्षा पास होऊन शेवटच्या वर्षी किमान 55 टक्के मिळवणाऱ्या नव्या पदवीधरांना थेट बसता यायचं. 2025 च्या निकालाने ती वाट बंद केली. सनदेची तात्पुरती नोंदणी झाल्यापासून तीन वर्षं मोजायची, किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र न्यायालयीन अधिकाऱ्याच्या दुजोऱ्यासह जोडायचं, आणि निवड झाल्यावर खुर्चीत बसण्याआधी एक वर्षाचं प्रशिक्षण, असं त्यात ठरलं. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरायचं.

निकालामागचं कारण मला पटतं. तेवीस वर्षांची मुलगी, जिने कधी साक्षीदाराला रडताना पाहिलेलं नाही, पुकारा ऐकलेला नाही, तारखेसाठी दिवसभर व्हरांड्यात बसलेल्या बाईचा चेहरा पाहिलेला नाही, तिने एकदम जामीन आणि ताबा ठरवायचा? अनेक हायकोर्टांनीच सांगितलं होतं, की पुस्तकातून आलेल्या नव्या न्यायाधीशांना कोर्ट सांभाळता येत नाही. आमच्या केंद्रातल्या बाईला अनुभवी न्यायाधीश मिळणार असेल तर कोणाला नको आहे?

पण मैत्रिणींनो, ती तीन वर्षं कोणती आहेत, ते बघा. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ केलं तर मुलगी तेवीस वर्षांची होते. पदवीनंतर तीन वर्षांचं केलं तर चोवीस. त्यात तीन मिळवा. तेवीस ते सत्तावीस! घरात स्थळांच्या पत्रिका येऊ लागतात ती नेमकी हीच वर्षं. मुलाला 'स्थिरावू दे' म्हणणारे आईवडील मुलीला 'किती दिवस नुसती कोर्टात फिरणार' म्हणतात. कारण पहिल्या वर्षांत ज्युनियर वकिलाच्या हातात पडतं तरी काय? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही. माझ्या माहितीतली एक मुलगी सकाळी डोंबिवलीहून निघते, दिवसभर फायली सांभाळते, तारखा लिहून घेते आणि संध्याकाळी सिनियरच्या ऑफिसात टायपिंग करते. महिन्याच्या शेवटी मिळतात त्यात तिचा पास आणि डबा सुटतो, एवढंच. तिची आई मला म्हणाली, "भावाला पगार सुरू झाला, हिचं अजून शिक्षणच चाललंय असं वाटतं." आईचं चुकतं असं मी म्हणू शकले नाही. दोन खोल्यांचं घर आणि कर्जाचे हप्ते, त्यात प्रत्येक महिना मोजूनच खर्च होतो.

म्हणजे परीक्षा अजूनही 'कोणाची मुलगी' विचारत नाही. पण परीक्षेच्या दारापर्यंत जायची वाट आता ते विचारू लागली आहे. वडील वकील असतील तर तीन वर्षं घरच्याच चेंबरमध्ये सरतात. नसतील तर दुसऱ्याच्या चेंबरमध्ये, मिळेल त्या पैशांत आणि मिळेल त्या वागणुकीत काढावी लागतात. ज्या दाराने शंभरातल्या छत्तीस बायका आत आल्या, त्या दाराबाहेरची रांग आता लांबली आहे. रांगेत उभं राहण्याचा खर्च कोण उचलणार, हा आजचा खरा प्रश्न आहे.

थोडा तरी आपणही उचलू शकतो, असं मला वाटतं. घरात मुलगी लॉ शिकत असेल तर या तीन वर्षांना 'रिकामी' म्हणणं आधी थांबवू. एमबीबीएसनंतरच्या मुलाला आपण रिकामा म्हणतो का? लग्न ठरवताना 'हिची परीक्षा व्हायची आहे' ही अट मुलीच्या बाजूने, आणि मोठ्या आवाजात, मांडू. 2008 च्या महाराष्ट्र न्यायिक सेवा नियमांत वकील उमेदवारांसाठी पस्तिसापर्यंतची मुभा ठेवली होती, म्हणजे लग्न झालं, मूल झालं तरी स्वप्न संपत नाही, हे सुनेलाही सांगू. निवड झाली तर सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये आहे, हेही हिशेबी मंडळींच्या कानावर घालू! आपल्या गावातल्या ज्येष्ठ वकील भगिनींनी एकेका ओळख नसलेल्या मुलीला चेंबरमध्ये जागा द्यावी, वेळेत घरी सोडावं आणि सुचवलेलं विद्यावेतन खरोखर द्यावं. ठाणे महापालिकेने 1987 मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या नावाने प्रशासकीय प्रशिक्षण संस्था सुरू केली आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना आधार दिला. त्याच धर्तीवर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी, संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर भरणारे वर्ग आणि गरजू मुलींना तीन वर्षांची शिष्यवृत्ती ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत का सुरू होऊ नये? महिला मंडळं, ज्ञाती संस्था, गणेशोत्सव मंडळं यांच्या मांडवाचा एका वर्षाचा खर्च थोडा कमी केला, तर एका मुलीची तीन वर्षं निघतील.

स्वतंत्र आयोग, सीलबंद उत्तरपत्रिका, बाहेर उठून जाणारे सदस्य, हे सगळं घटनेने आणि कोर्टाने आपल्याला दिलं. ते टिकवायचं काम त्यांचं. पण त्या उत्तरपत्रिकेपर्यंत आपल्या लेकींना पोचवायचं काम मात्र आपलं आहे. ते आपण या तीन वर्षांत केलं नाही, तर उद्या कल्याणच्या कोर्टात पुकारा होईल तेव्हा खुर्चीत कोण बसलेलं असेल?